मेंदी, पाणी आणि मालवणी हात

नागपंचमी जवळ आली की मालवणच्या बाजारात मातीच्या नागांच्या शेजारी मेंदीचे कोन दिसायला लागतात. चकचकीत कागदाचे, टोकाला टाचणी खोचलेले, डझनाच्या खोक्यांत भरलेले. एकावर लिहिलेलं असतं 'दहा मिनिटांत गडद रंग', दुसऱ्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक'. पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच कोनावर असतात. तसं असेल तर त्यातलं एक नक्की खोटं आहे, आणि कुठलं ते ओळखायला शाळेतलं रसायनशास्त्रही लागत नाही. मेंदीच्या पानाला दहा मिनिटांत गडद रंग देता येत नाही. कुणाच्याच हातावर, कुठल्याच गावात.

मेंदीची काळजी कशी घ्यावी यावर पुष्कळ लिहिलं जातं. लिंबू-साखर लावा, लवंगांची धुरी घ्या, पाण्यात हात घालू नका. सगळं खरं आहे. पण ही काळजी कोणाच्या हातांनी घ्यायची, कुठल्या महिन्यात, कुठल्या हवेत, आणि मुळात त्या कोनात काय आहे, हे प्रश्न सिंधुदुर्गासारख्या पाण्याच्या जिल्ह्यात आधी येतात. म्हणून आढावा तिथूनच घ्यायचा आहे.

मेंदीचं झुडूप, लॉसोनिया इनर्मिस, हे तापलेल्या कोरड्या मुलखाचं झाड. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं सोजत हे आपल्याकडचं मेंदीचं सर्वांत नावाजलेलं गाव. सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाऊस बेताचा, ऊन भरपूर, अशा जमिनीत पानात रंगद्रव्य चांगलं साठतं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. इथे परसात किंवा गडग्याच्या कडेला मेंदीचं झाड जगतं, हिरवंगार वाढतं, पण सोजतच्या पानाशी त्याच्या रंगाची बरोबरी होत नाही. त्यामुळे मालवणच्या दुकानातली मेंदी, पूड असो वा कोन, बहुतेक बाहेरगावाहून आलेली असते. आपल्या हातावर आपल्या जिल्ह्याचं फक्त पाणी असतं, आणि गंमत म्हणजे मेंदीला तेवढंच चालत नाही.

पण मेंदीत जे रंगद्रव्य आहे तेच घेऊन पावसात वाढणारी एक वनस्पती कोकणाकडे आहेच. तेरडा. श्रावण-भाद्रपदात बांधावर, कातळाच्या खाचेत, रस्त्याच्या कडेला तो फुलतो, आणि कोकणात कित्येक घरांत गौर म्हणून त्याचीच रोपं पूजेला बसतात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं आपण त्याला हिणवतो, पण मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य तेरड्यातही असतं. कोरियात मुली आणि बायका तेरड्याची फुलं-पानं तुरटीबरोबर वाटून नखांवर बांधून ठेवतात, आणि तो नारिंगी रंग नख वाढून कापलं जाईपर्यंत राहतो. म्हणीतले तीन दिवस फुलाचे. नखावर तो रंग महिने काढतो. आपल्याकडे मात्र गौरीचं विसर्जन झालं की तेरड्याचं कौतुकही संपतं.

आधीच्या पिढीची मेंदी वेगळी होती. पानं ओरपायची, पाट्यावर वाटायची, त्यात चिंचेचा कोळ, कात, चहाचं उकळलेलं पाणी, ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे. नक्षी साधी: तळव्याच्या मध्यभागी एक गोल चंद्र, भोवती ठिपके, बोटांची टोकं पेरापर्यंत भरलेली. काहींना तेवढाही धीर नसे. त्या मेंदीचा गोळा मुठीत घट्ट धरायच्या, वर फडकं बांधायच्या आणि झोपून जायच्या. सकाळी मूठ उघडली की आतला हात लाल आणि बोटांच्या वळ्यांच्या जागी पांढऱ्या रेघा. त्यात कलाकुसर नव्हती, पण मेंदीला जे हवं असतं ते सगळं त्या मुठीत होतं: ऊब, ओल आणि अख्खी रात्र.

आषाढात मेंदी लावावी अशी रीत महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आहे. तिच्यामागे कारणं निरनिराळी सांगितली जातात. मला त्यातलं सगळ्यांत पटतं ते शेतातलं. कोकणात आषाढ म्हणजे भाताची लावणी. दिवसचे दिवस चिखलात उभं राहायचं, तरवा काढायचा, वाकून लावायचा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, तळवे जळजळतात. त्यावर घरोघरचा उपाय म्हणजे वाटलेली मेंदी. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत लॉसोन काही बुरशींची वाढ रोखतं असं दिसलं आहे, तेव्हा हा उपाय अगदीच हवेत नव्हता. जखम उघडी असेल, पू झाला असेल, किंवा मधुमेह असेल तर मेंदीवर विसंबू नये, सरळ डॉक्टरकडे जावं. पण लक्षात घ्यायचं ते हे, की मेंदी इथे दागिना होण्याआधी लेप होती, आणि बायकांइतकीच पुरुषांच्या तळपायालाही लागत होती.

आता रंग कसा चढतो ते पाहू, कारण काळजीचे सगळे नियम तिथून निघतात.

पानात लॉसोन सुटं नसतं, साखरेच्या रेणूला बांधलेल्या रूपात असतं. पान कुटलं, भिजवलं, थोडा आंबटपणा दिला की ते हळूहळू मोकळं होतं. म्हणून पूड भिजवून काही तास, थंड दिवसांत रात्रभरसुद्धा, झाकून ठेवतात. मोकळं झालेलं लॉसोन कातडीतल्या केराटिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं. ते धुऊन निघत नाही, कारण ते कातडीवर बसलेलं नसतं, कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात मिसळलेलं असतं. तो थर झिजला की रंग गेला. त्याला एक ते तीन आठवडे लागतात.

यातून दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, मेंदी खरवडल्यावर दिसतो तो नारिंगी रंग पक्का नव्हे. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होत होत तो पुढच्या एक-दोन दिवसांत तपकिरी-लाल होतो. पहिल्या सकाळी फिका हात बघून रडायचं कारण नाही. दुसरी गोष्ट, जिथे कातडी जाड तिथे केराटिन जास्त आणि रंग गडद: तळहात आणि तळपाय सर्वांत रंगतात, मनगटाच्या वर गेलं की रंग उतरत जातो. 'जिची मेंदी गडद रंगते तिची सासू प्रेमळ' असं म्हणतात, कोणी सासूच्या जागी नवऱ्याला बसवतं. प्रेमाचं माहीत नाही. पण कोयता, आडाळो (विळी), वल्हं आणि कळशी धरून घट्टे पडलेला तळवा नवरीच्या मऊ तळव्यापेक्षा जास्त रंग धरतो, हे कातडीच्या हिशेबानं खरं आहे. म्हणजे गडद मेंदीचा मान खरं तर घरातल्या सर्वांत राबत्या हाताला मिळायला हवा. आणि नेमका तोच हात मेंदी लावून बसू शकत नाही.

इथे मूळ अडचण येते. चांगल्या मेंदीला सहा-आठ तास लेप हवा, आणि लेप काढल्यावर बारा, जमल्यास चोवीस तास पाणी नको. आता मालवण किनाऱ्यावरचं पंचांग घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, झावळ्यांखाली किंवा ताडपत्रीखाली. आषाढ आणि श्रावणाची सुरुवात साधारण याच काळात येते. नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला, आणि नारळी पौर्णिमा तिच्यानंतर दहा दिवसांनी, त्या दिवशी सोन्याचा नारळ समुद्राला देऊन दर्या मोकळा होतो. मासळी निवडणाऱ्या, विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बाईच्या हाताला वर्षात पाण्यापासून जी थोडी उसंत मिळते ती याच फटीत. नागपंचमीची मेंदी त्या फटीत बसलेली आहे. हा योगायोग असेल, पण उपयोगाचा योगायोग आहे.

शेतकरी घरात उलटं. त्या दिवसांत लावणी चालू, किंवा नुकती आटपलेली. आणि मग येते चतुर्थी. मुंबईचे चाकरमानी गाड्या भरभरून येतात, आदल्या दिवशी हरतालिका, मुलीबाळींना मेंदी हवीच. घरातल्या बाईला मात्र त्या रात्री गणपतीवरची माटवी सजवायला मदत, नारळ खवणणं, उकडीची तयारी, वीस माणसांची भांडी. 'गो, माका पण एक ठिपको काढ' म्हणून ती उभ्या उभ्या हात पुढे करते आणि दहा मिनिटांत नळाखाली धरते. तिच्यासाठी दहा मिनिटांचा कोन ही फसवणूक नाही, सोय आहे. बाजारात तो खपतो त्याचं कारण लोकांचं अज्ञान एवढंच धरून चाललं, तर प्रश्न कळलाच नाही असं म्हणावं लागेल.

लग्नाचं गणित निराळं. किनाऱ्यावर लग्नाच्या आदल्या दिवसाला तीन समाजांत तीन रंग होते. हिंदू घरांत हळद आणि हिरवा चुडा; मुसलमान घरांत मेंदीची रात्र; ख्रिस्ती घरांत रोस, म्हणजे नवऱ्या-नवरीला नारळाचा रस चोळून न्हाऊ घालणं. मेंदी हिंदू नवरीलाही लागायची, पण ती घरातली मामी किंवा शेजारीण एका बाजूला बसून लावायची. तिचा स्वतंत्र समारंभ, पिवळे-हिरवे पडदे, नाच, भाड्याचा स्पीकर, हे नव्वदच्या दशकानंतरचं. १९९४ चा 'हम आपके हैं कौन' आणि १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' यांनी जे काम केलं ते कुठल्याही ब्यूटी पार्लरच्या जाहिरातीला जमलं नसतं. आता कोपरापर्यंत भरगच्च काम, तळव्यात नवरा-नवरीची चित्रं, पालखी, शहनाई, जाळी. कुडाळ-कणकवली-सावंतवाडीकडे मेंदी काढणं हा मुलींचा चांगला जोडधंदा झाला आहे, आणि यातल्या काहींचा हात खरोखर सुरेख असतो. माझी एकच तक्रार. नक्षी सगळी मारवाडी किंवा अरबी वळणाची. याच जिल्ह्यात पिंगुळीला चित्रकथीची परंपरा आहे, सावंतवाडीला गंजिफाच्या गोल पानांवर दशावतार रंगवले जातात. चित्रकथीतले ते मोठे टपोरे डोळे आणि गंजिफाचा गोल तळव्यात किती सहज बसेल. कोणीतरी करून पाहावं.

हळद आणि मेंदी एकत्र आली की एक अडचण होते आणि ती फारशी कोणी नवरीला सांगत नाही. हळद चोळणं म्हणजे कातडीचा वरचा थर घासून काढणं. मेंदीचा रंग त्याच थरात असतो. म्हणून मुहूर्त रविवारचा असेल तर मेंदी शुक्रवारी संध्याकाळी: रंग रविवारी सकाळी पूर्ण चढलेला असतो. वॅक्सिंग, स्क्रब वगैरे गुरुवारपर्यंत उरकावं. मेंदीला बसण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि तेल, क्रीम काही लावू नये, कारण तेलाच्या थरातून रंग आत जात नाही. शनिवारी हळद लावायच्या आधी मात्र तळव्यांना आणि हातांना खोबरेल तेल चोळावं, आणि करवल्यांना बजावावं की हळद दंडाला, पायाला, गालाला; तळव्याला नुसती बोटं टेकवा.

लेप वाळत आला की लिंबू-साखरेचं पाणी कापसाने टिपायचं, म्हणजे पापडी धरून गळत नाही आणि ओल टिकते. हा सल्ला राजस्थानातून आला आहे आणि तिथल्या कोरड्या हवेत तो अगदी बरोबर आहे. मालवणच्या जुलैत साखर हवेतलं पाणी ओढून घेते. जास्त साखर घातलेली किंवा वरून सारखी टिपलेली मेंदी ओघळते, बारीक काम फुगतं, दोन रेघांची एक होते. म्हणून इथे पावसात साखर निम्म्याहून कमी, वरून टिपणं एकदाच किंवा मुळीच नाही. हवेत ओल आहे तेवढी पुरे. घाम येणाऱ्या हातांना पंखा लांबून लागू द्यावा. प्लास्टिक गुंडाळून झोपायची पद्धत उन्हाळ्याच्या कोकणात घाम आणून नक्षी पुसते. त्यापेक्षा टिश्यू किंवा जुनं सुती कापड बरं. उन्हाळ्यातल्या लग्नाला रंग आपोआप चढतो, कारण ऊब मिळते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री हात गार असतात, तेव्हा तव्यावर चार लवंगा टाकून त्या धुरावर हात लांबून शेकायचे. काम करते ती मुख्यतः ऊब. लवंगेचं तेल थेट कातडीला लावू नये, ते जळजळतं.

लेप काढताना पाणी नाही. सुरीची बोथट बाजू, चमचा, नाहीतर दोन्ही हात एकमेकांवर घासून खरवडायचं, मग खोबरेल तेल. काही जणी यावर चुना लावून चोळतात. रंग तेवढ्यापुरता गडद दिसतो खरा, पण चुन्याचा दाह कातडी कोरडी करून फोडतो आणि फुटलेली कातडी रंग घेऊन लवकर गळते. बाम चोळणंही तसंच. उष्णता मिळते, पण नाजूक कातडीला ते झोंबतं. पुढच्या दिवसांत आंघोळीच्या आधी तेलाचा हात फिरवावा, भांडी घासताना रबरी मोजे घालावेत. मासळी साफ करणं निदान दोन दिवस दुसऱ्याकडे द्यावं: बांगड्याच्या खवल्यांपेक्षा मीठ, राख आणि नंतर वास जावा म्हणून घासलेला साबण रंग जास्त नेतात. तारकर्ली-देवबागला स्कूबा करायचं असेल तर मेंदी आदल्या रात्री लावू नये. तास-दोन तास खाऱ्या पाण्यात भिजून वरची कातडी मऊ पडते आणि सूट व मोजे ओढताना सोलते. समुद्र आधी, मेंदी नंतर, हा साधा क्रम.

बोटाच्या टोकाची मेंदी तीन आठवड्यांत जाते, नखातली जात नाही. नख मेलेलं केराटिनच, आणि ते झिजत नाही, वाढतं. हाताचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला साधारण सहा महिने लागतात, तेवढा काळ रंग पुढे पुढे सरकत राहतो. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर डॉक्टरांना आधी विचारावं, कारण भूल देताना ते बोटाला लावलेल्या यंत्रावर आणि नखाच्या रंगावर लक्ष ठेवतात. आणि मेंदी उतरवायची घाई असेल तर लिंबू, ब्लीच, खायचा सोडा यांच्या नादी लागू नये. कोमट मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसणं आणि रोजचं काम, एवढं पुरतं. मालवणात तर कामच पुरतं.

आता त्या कोनाच्या आत. ताज्या कोनात मेंदीची पूड, पाणी किंवा लिंबाचा रस, थोडी साखर आणि निलगिरीसारखं एखादं सुगंधी तेल, इतकंच असतं. असा कोन बाहेर दोन-तीन दिवस टिकतो, फ्रीजमध्ये आठवडाभर, फ्रीझरमध्ये काही महिने. दमट हवेत कपाटात महिनोन् महिने पडून राहून, उघडल्याबरोबर रंगणारा कोन निव्वळ मेंदीचा असूच शकत नाही. त्यात रंग टिकवायला आणि झटपट चढवायला काहीतरी घातलेलं असतं. लाल रंग झटपट देणाऱ्या काही कोनांत सोडियम पिक्रामेट हा केसांच्या रंगातला कृत्रिम रंग सापडलेला आहे. पातळ करायला रॉकेलसारखी द्रव्यंही वापरली जातात. वास हीच पहिली चाचणी. खऱ्या मेंदीला ओल्या गवताचा, चहापत्तीचा वास असतो. रॉकेल, पेंट, अमोनिया यांचा वास आला की कोन बाजूला. दुसरी चाचणी रंगाची: खरी मेंदी सुरुवातीला नारिंगीच असणार. लावल्यापासून तासाभरात काळी झाली तर ती मेंदी नव्हे.

काळ्या मेंदीबद्दल मी सौम्य शब्दांत लिहिणार नाही. मेंदीचं झाड काळा रंग देत नाही. समुद्रकिनाऱ्यांवर तात्पुरत्या टॅटूसाठी वापरतात ती 'ब्लॅक हिना' बहुधा पॅरा-फिनिलिनडायामिन, म्हणजे पीपीडी, या कलपातल्या रसायनाची असते. गोव्याच्या किनाऱ्यांवर अशी टॅटू वर्षानुवर्षं काढली जातात, आणि पर्यटनाच्या मागोमाग ती मालवण-तारकर्लीपर्यंत आली तर नवल नाही. युरोपीय संघात पीपीडी केसांच्या रंगात दोन टक्क्यांपर्यंतच चालतं आणि कातडीवर थेट लावायला मुळीच परवानगी नाही. अमेरिकेत तर मेंदीलाही परवानगी फक्त केस रंगवण्यापुरती आहे. तिथल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००६ साली पीपीडीला 'वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक' ठरवलं होतं. काहींच्या हातावर काही दिवसांनी नक्षीच्या रेघांबरहुकूम खाज, सूज, पाण्याचे फोड येतात. कधी त्या नक्षीचा पांढरा किंवा काळा व्रण मागे राहतो. त्याहून वाईट पुढे असतं. एकदा शरीर पीपीडीविरुद्ध प्रतिक्रिया द्यायला शिकलं की ते विसरत नाही. सहाव्या-सातव्या वर्षी किनाऱ्यावर काळा विंचू काढून घेतलेली मुलगी चाळिशीत पहिल्यांदा केसांना कलप लावते आणि डोळे सुजून बंद होतात. काही कृत्रिम रंगांचे कपडे आणि काही औषधंसुद्धा मग तिला सोसत नाहीत.

किराणा दुकानात 'काळी मेंदी' म्हणून केसांची जी पाकिटं मिळतात त्यांच्यातही पीपीडी असू शकतं. आपल्या कायद्यात अशा कलपाच्या पाकिटावर इशारा छापणं बंधनकारक आहे, आणि भुवया-पापण्यांना तो लावू नये असंही त्यात लिहावं लागतं. ती पूड केसांसाठी असते, हातमोजे घालून लावायची असते. ती चमचाभर कोनात मिसळून 'रंग चांगला येतो' म्हणणारे आहेत. त्यांच्यापुढे हात करू नये.

शुद्ध मेंदीची अ‍ॅलर्जी फार क्वचित होते, पण एका बाबतीत तीही धोक्याची आहे. जी-६-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी लॉसोनमुळे फुटू शकतात. तान्ह्या बाळांच्या बाबतीत अशा घटना, विशेषतः आखाती देशांतून, वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे घरात कोणाला माहीत नसतं, म्हणून हौसेने बारशाला बाळाच्या तळव्यावर ठिपका देऊ नये. बाकी कोणालाही नवा कोन वापरायचा तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला छोटा ठिपका लावून बघावा. फोड आलेच तर कोन फेकू नये, डॉक्टरला दाखवायला ठेवावा. उपचार ठरवायला तो कामी येतो.

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मेंदीला, तिच्या विधींना आणि सौंदर्यपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. अर्ज केला होता मोरोक्को, इजिप्त, ओमान, येमेन, सुदान अशा सोळा अरब देशांनी मिळून. त्यात भारत नाही. याचं कोणाला वाईट वाटत असेल तर वाटू द्या, पण नागपंचमीच्या बाजारातला कोन त्यामुळे बदलत नाही. तो बदलायचा तर काम स्थानिक आहे आणि फार मोठं नाही. कोकम, काजू, लोणची, पापड करणारे बचत गट जिल्ह्यात गावोगाव आहेत. सोजतची चाळलेली पूड मागवून मागणीप्रमाणे ताजे कोन भरणं त्यांना अवघड नाही. फ्रीझर लागतो, वजनकाटा लागतो, स्वच्छ ओटा लागतो. विक्रीसाठी करायचं तर सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो, कारण २०२० च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक, बॅच आणि वापरायची मुदत वेष्टनावर असावी लागते. आज बाजारातले कितीतरी कोन यातलं निम्मंही छापत नाहीत, आणि गिऱ्हाईक विचारत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न, जो परवान्याने सुटत नाही. त्यावर मला सुचणारा उपाय किरकोळ आहे. हरतालिकेच्या धावपळीत घरातल्या बाईच्या हातावर घाईची मेंदी लावण्यापेक्षा ती गौरी-गणपती विसर्जन झाल्यावर लावावी. चाकरमानी परतलेले असतात, भांडी कमी असतात, आणि त्या संध्याकाळी जेवण दुसऱ्या कोणी केलं तर तिला सकाळपर्यंत मूठ मिटून झोपता येतं. नक्षी साधी चालेल. तळव्यात चंद्र, बोटांना टोकं.